काकांचे पाय आणि आमची बोअर

एखादी गोष्ट यशस्वी झाली असं कशावरून म्हणायचं, हे आधी ठरवल्याशिवाय काकांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही. अपवाद फक्त स्वतःच्या जन्माचा, आणि त्याबद्दल त्यांची अजून तक्रार आहे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने रीतीप्रमाणे चहा टाकू का म्हणून विचारलं. काका खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "टाका. पण कसा झाला म्हणजे चांगला झाला म्हणायचं, ते आधी ठरवू." बायकोला वाटलं, पाहुणा थट्टेखोर दिसतो. पण काकांनी आल्याचा तिखटपणा, साखर, रंग आणि कप हातात पडताना तो किती गरम असावा, इथपर्यंत सगळं तिच्याकडून वदवून घेतलं. मग चहा आला. काकांनी शर्टाच्या खिशातून पेनासारखा दिसणारा एक थर्मामीटर काढला, कपात बुडवला, घड्याळाकडे बघत थांबले, दोन घोट घेतले आणि निकाल दिला, "अंशतः यशस्वी." बायको त्या दिवशी रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, कारण या माणसाला घरी मी आणलं होतं. काकांच्या तोंडून एवढं मिळवायलासुद्धा लोकांना वर्षं लागतात, हे तिला कळायला पुढे पुष्कळ दिवस गेले.

काका तसे माझ्या नात्यातले कोणी नाहीत. त्यांचं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पुन्हा विचारतात. जमिनीच्या पोटातलं गरम पाणी वर आणायला खोल बोअर मारावी लागते. हा खर्चाचा आणि नशिबाचा खेळ असतो. पाणी हवं तेवढं गरम लागलं तर ठीक, नाहीतर पैसा भोकात गेला. म्हणून अशा कामांसाठी एक जोखीम निधी होता. बोअर फसली, तर खर्चाचा मोठा भाग निधी उचलणार. सफल झाली, तर तुमचं कर्ज तुम्ही फेडा, पाणी तुमचं. आता फसली की सफल झाली, हे बोअर मारणाऱ्याने सांगून चालत नाही आणि पैसे देणाऱ्यानेही सांगून चालत नाही. त्यासाठी एक त्रयस्थ माणूस लागतो. काका हे ते त्रयस्थ. सरकारच्या भूगर्भ खात्यातून निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत बसायच्या ऐवजी त्यांनी हे काम पत्करलं आणि बघता बघता ते स्वभावातच मुरलं. की स्वभाव आधीचाच होता आणि काम त्याला शोधत आलं, हे त्यांच्या सूनबाईंनाही सांगता येत नाही.

त्यांच्या जगात निकाल तीनच. यशस्वी, अंशतः यशस्वी, अयशस्वी. छान, मस्त, बरं, ठीकठाक असल्या शब्दांना त्यांच्याकडे थारा नाही. सूनबाई सुगरण आहेत. त्यांच्या पुरणपोळीसाठी आमच्यासारखे लोक निमित्त काढून गंगापूर रोडला जातात. ती पोळीही काकांकडे कित्येक वर्षं अंशतः यशस्वी होती. एका गुढीपाडव्याला ती यशस्वी ठरली, तेव्हा सूनबाईंनी माहेरी फोन करून सांगितलं. केस कापायला बसले की न्हाव्याला आधी विचारणार, "झाल्यावर मी कसा दिसायला हवा, असं तुझं म्हणणं आहे?" तो बिचारा आरशात यांच्या टकलाकडे बघत राहायचा. एकदा मिसळ खायला आम्ही दोघं एका प्रसिद्ध ठिकाणी गेलो. काकांनी रश्श्यात थर्मामीटर घातला मात्र, मालक गल्ला सोडून धावत आला. कुठल्यातरी खात्याचा माणूस तपासणीला आलाय, असा त्याचा समज झाला. त्याने आमच्यापुढे दह्याच्या वाट्या, पापड, जिलबी असं सगळं मांडलं आणि बिल घ्यायला काही केल्या तयार होईना. काकांनी बिल दिलंच, वर त्याला समजावून सांगितलं की तुझा रस्सा पहिल्या वाटीला यशस्वी आहे, पण दुसऱ्यांदा वाढतोस तो पातेल्याच्या तळाचा, निवलेला, तिथे तू कमी पडतोस. मालक त्या दिवसापासून काकांना वचकून असतो, पण दुसरा रस्सा मात्र गरम देतो.

पहिल्या जोरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. नवीन पंखा, नवीन नगरसेवक, नवीन जावई यांच्याबद्दल मत विचारलं की ते एवढंच म्हणतात, "स्थिरावू दे." लग्नाच्या मांडवात नवरा-नवरी पाया पडायला वाकली की बाकीचे आशीर्वाद देतात, काका म्हणतात, "बघू या." यावरून त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या सासरकडची मंडळी रुसली होती. आता त्या पुतण्याचा संसार चांगला चाललाय, त्याला काका अजून "चाचणी समाधानकारक सुरू आहे" म्हणतात.

ही सवय त्यांना लागली कुठून, हे मी एकदा गाडीतून जाताना विचारलं होतं. तरुणपणी ते पिण्याच्या पाण्याच्या बोअरी घ्यायच्या कामावर होते. नांदगावकडच्या कोरड्या भागातल्या एका गावात पाणी लागलं, पाइपातून असं उसळलं की बायका त्या चिखलात फुगड्या खेळल्या. गावाने काकांना हार घातला, खांद्यावर घेतलं. काकांनीही वर बसून हात हलवले. "हार वाळायच्या आत बोअर आटली," काका म्हणाले. "त्या बायका परत हंडे घेऊन मैलभर चालायला लागल्या. तेव्हापासून मी हार घालून घेत नाही." एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघू लागले.

तर असा हा माणूस आमच्या वाट्याला आला. मी मूळचा सायखेड्याचा, द्राक्षाच्या घरातला. पण नोकरीच्या निमित्ताने सुरगाण्याच्या डोंगरात गेलो आणि तिथल्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्यांच्या गटाचा व्यवस्थापक होऊन बसलो. पाड्याखाली एक झरा आहे, थंडीत त्यातून वाफा निघतात. लोक स्ट्रॉबेरी लावतात, आंबे असतात, आणि तोडणीच्या चार दिवसांत माल नाशिकला पोचला नाही तर सडतो. झऱ्याखाली खोल बोअर मारायची, गरम पाणी वर आणायचं, पाइपांतून शेडमध्ये फिरवायचं आणि त्या उष्णतेवर फळं वाळवायची, अशी ती योजना होती. हे जमलं असतं तर पाड्यावरच्या घरांना दर हंगामात कुलपं लागायची थांबली असती. कारण इथली अर्धी माणसं दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन आमच्याच सायखेड्याकडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. आणि नसतं जमलं, तर गटाचं कर्ज फेडण्यासाठी त्यांना आणखी किती हंगाम उतरावं लागलं असतं, हे मला सांगवत नाही.

बोअरचं मशीन यायच्या आधी काका आले आणि त्यांनी सगळं काम अडवून धरलं. निधीकडे पाठवायच्या कागदावर मी पाण्याच्या उष्णतेचा आकडा चांगला भारदस्त लिहिला होता. मोठा आकडा वाचून देणाऱ्यांना हुरूप येतो, असा माझा अनुभव होता. काकांनी तो वाचला आणि विचारलं, "तुम्हाला स्ट्रॉबेरी वाळवायची आहे की शिजवायची?" मग ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि सरळ जिवलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. जिवलाबाई गटाची खजिनदार. बोलायला फटकळ, हसायला मोठी. तिच्या अंगणात, चुलीवरच्या ताटलीत, पत्र्याखाली, जिथे जिथे म्हणून फळाच्या चकत्या वाळत घालता येतील तिथे काकांनी तिच्याकडून त्या घालून घेतल्या, शेजारी थर्मामीटर टांगला आणि दोघं भांडत बसली. ती म्हणायची वाळली, हे म्हणायचे थांब. हे म्हणायचे झाली, ती चकती मोडून दाखवायची आणि म्हणायची, "आतून ओली हाय, काका. डोळं तपासून घ्या." आमचे दिवस चालले होते, मशीनवाला कंत्राटदार रोज फोन करत होता, आणि इकडे त्रयस्थ साहेब स्ट्रॉबेरी खात होते. मी फार वैतागलो होतो.

शेवटी त्यांनी सगळ्या पाड्यासमोर ठरवून घेतलं. पाणी इतकं गरम आणि इतक्या धारेने आलं तर बोअर यशस्वी, अख्खी शेड चालेल. त्याहून कमी आलं, पण या खालच्या रेषेच्या वर राहिलं, तर अंशतः यशस्वी. अर्धी शेड चालेल, खर्चातला काही वाटा निधी उचलेल आणि बोअर गटाकडेच राहील. आणि त्या रेषेच्याही खाली गेलं तर अयशस्वी. पैसे परत येतील, पण बोअर सिमेंटने बुजवून टाकावी लागेल, म्हणजे फसलेल्या बोअरचे पैसे घेऊन वर कोणी तिचं पाणी वापरत बसायला नको. ती मधली पायरी माझ्या कागदात नव्हती. ती काकांनी घातली. मला तेव्हा तो त्यांचा चहा-मिसळीचा छंद इथेही आला, असं वाटलं होतं.

बोअर झाली. पाणी लागलं. आणि काय लागलं म्हणता! वाफेचा ढग झाडांच्या वर गेला, कंत्राटदाराने नारळ फोडला, पेढे वाटले, कोणीतरी झेंडूचा हार काकांच्या दिशेने आणला. काका तो हार चुकवून बाजूला झाले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "आता उघडी ठेवा आणि वाहू द्या." लोकांना कळेना. एवढं लागलंय तर लिहून मोकळे व्हा की. पण काकांना पहिला जोर बघायचाच नव्हता. पाणी रात्रंदिवस वाहू द्यायचं, त्याची धार आणि उष्णता कुठे स्थिरावते ते बघायचं आणि मगच निकाल, हा नेम होता. काका पाड्यावरच राहिले. जवळच सोडलेलं पाणी साचायला सिमेंटची एक लहान टाकी बांधली होती. काका दिवसभर त्या टाकीच्या काठावर पाय आत सोडून बसायचे, शेजारी थर्मामीटर दोरीला लोंबकळत असायचा आणि मांडीवर पेपर. पाड्यावर अर्थातच पसरलं की साहेब पायाने पाणी मोजतात.

पाणी हळूहळू निवत होतं, हे कोणापासून लपलं नव्हतं. वाफ कमी झाली होती. आता पाड्यात दोन तट पडले. गटाचे अध्यक्ष सोमादादा, त्यांचा जीव शेडवर होता. शेड उभी राहायलाच हवी, मग कर्ज किती का असेना. जिवलाबाईचं उलट. अर्धवट कोमट पाण्यासाठी जन्मभर कर्ज ओढायचं त्यापेक्षा बोअर फसली म्हणून निकाल लागू दे, पैसे परत येऊ दे, सुटलो म्हणू. बोअर फसावी अशी तिला हौस नव्हती. तिची धाकटी मुलगी शाळेत हुशार होती आणि दर दिवाळीनंतर तिची शाळा बुडायची, एवढंच कारण होतं. मधल्या पायरीची आठवण मी दोघांना देत होतो. पण निम्म्यावर निभावेल, यावर घाबरलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

एका सकाळी मी टाकीपाशी गेलो तर काका विचारात पडलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, "तुमच्या पाण्याला हिवताप आलाय. घटकेत थंडी वाजते, घटकेत ताप चढतो." मी पाण्यात हात घातला. गार होतं. थोड्या वेळाने घातला, तर चटका बसला. मग दोघं झाडामागे जाऊन उभे राहिलो. आधी जिवलाबाई आणि तिच्या मैत्रिणी आल्या, ओढ्याच्या गार पाण्याचे हंडे टाकीत ओतले आणि पदराने तोंड पुसत गेल्या. त्या वळणाआड होतात न होतात तोच दुसऱ्या बाजूने सोमादादा आणि मंडळी चुलीवर उकळलेल्या पाण्याची पातेली फडक्यांत धरून धावत आली. दोन्ही तटांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोन्ही तट मिळून काकांच्या गुडघ्यांना मात्र चांगला शेक देत होते.

एवढ्यावर कोणीही त्रयस्थ माणूस चाचणी रद्द करून निघून गेला असता. काकांनी सगळ्यांना बोलावलं आणि बोअरच्या तोंडाशी नेलं. तिथे जाळीच्या पेटीत कुलूप लावून त्यांचं खरं मोजायचं यंत्र बसवलेलं होतं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं आणि आपलं काम मुकाट्याने करत होतं. "मोजणी इथे होते," काका म्हणाले. "तिकडे मी पाय शेकायला बसतो. गुडघे दुखतात माझे."

मागे उभ्या एका म्हातारीला हसू आलं आणि ते पुढे सरकत सरकत सोमादादांपर्यंत पोचलं. सोमादादा हातातलं फडकं लपवायला जागा शोधत होते. जिवलाबाई तेवढी हसली नाही. ती पुढे आली आणि तिने सरळ सांगितलं, "फसली म्हनून लिवा, काका. आमी सुटू."

"लिहितो," काका म्हणाले. "मग बुजवायला उद्या सिमेंट मागवू?"

जिवलाबाई बोअरकडे बघत राहिली. पाणी वाहत होतं. तिच्या ओट्यावर बसून त्या माणसाने खाल्लेल्या चकत्या तिला आठवल्या असाव्यात. "तसं नाय," ती हळू म्हणाली.

"तुला वाळवायला काय लागतं ते तूच मला दाखवलंस. मी तेवढंच मोजतोय. माझं काही नाही त्यात," काका म्हणाले आणि काठी घेऊन परत टाकीकडे गेले.

पाणी आणखी थोडं निवलं, मग निवायचं थांबलं. थांबलं ते थांबलंच. ते त्या खालच्या रेषेच्या वर थांबलं होतं. माझ्या भारदस्त आकड्याच्या ते आसपासही नव्हतं. मधली पायरी नसती तर त्या दिवशी बोअर फसलेली ठरली असती आणि आम्ही ती आमच्या हातांनी बुजवली असती. काकांनी निकाल वाचून दाखवला, "अंशतः यशस्वी." हाच शब्द ऐकून माझी बायको रात्रीपर्यंत अबोल झाली होती. आमच्या पाड्यावर तो ऐकून सोमादादा खाली बसले आणि जिवलाबाईने डोळ्याला पदर लावला. हार पुन्हा बाहेर आला. काकांनी तो पुन्हा चुकवला.

अर्धी शेड उभी राहिली. त्या वर्षी जिवलाबाई मुलीला घेऊन द्राक्षांवर गेलीच. पुढच्या वर्षी गेली नाही. आता शेडमध्ये ती इतर बायकांना शिकवते, आणि चकती मोडून बघताना अगदी काकांसारखी घड्याळाकडे बघते. मी त्या माणसाचे आभार कितीदा मानायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे आभारांनाही जागा नाही. "पाण्याचे माना," म्हणतात. पण पाणी काय, ते होतंच जमिनीत. ते किती पुरेसं आहे, हे आमच्या मनात धाकधूक शिरायच्या आधी, शांत डोक्याने, आमच्याच ओट्यावर बसून ठरवून ठेवणारा माणूस आम्हाला लाभला. मी या माणसाचा ऋणी आहे, आणि हे त्यांना आवडो न आवडो, इथे लिहून ठेवतो.

अलीकडे काकांचं घाट चढणं बंद झालंय. गुडघे पार गेले. गंगापूर रोडच्या गॅलरीत बसून असतात. त्यांना ऐकूही कमी येतं, पण निकाल चालू आहेत. पाड्यावरच्या लोकांनी टाकीच्या काठाला त्यांच्यासाठी टेकायला पाठ बांधली आहे. तिथे दुसरं कोणी बसत नाही. मध्ये जिवलाबाईने माझ्या गाडीत एक मोठा कॅन ठेवला, गोधडीत गुंडाळलेला, वर वाळवलेल्या स्ट्रॉबेरीची पिशवी. बोअरचं पाणी होतं. काकांच्या पायांना न्या म्हणाली. गोधडी कितीही जाड असली तरी सुरगाण्याहून नाशिकपर्यंत येताना पाण्याचं जे व्हायचं ते झालं. गंगापूर रोडला पोचलो तेव्हा ते अगदी गार होतं. सूनबाईंनी माझ्या हातातून कॅन घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि गॅसवर पातेलं चढवलं. मी गॅलरीचं दार लोटून घेतलं. मग ते पाणी घमेल्यात ओतून आम्ही गॅलरीत नेलं आणि मी मोठ्याने ओरडून सांगितलं, पाड्यावरून आणलंय, जिवलाबाईने दिलंय.

काकांनी पँट दुमडली. एक पाय आत घातला, मग दुसरा. ओढ्याचं पाणी कुठलं आणि चुलीचं कुठलं, हे ज्या पायांनी पेपर वाचता वाचता ओळखलं होतं, तेच हे पाय. मी आणि सूनबाई एकमेकांकडे न बघता उभे होतो. थर्मामीटर त्यांच्या खिशालाच होता. ते खाली पाण्याकडे बघत बसले, बोटं हलवून पाहिली.

"स्थिर आहे," काका म्हणाले. "तिला सांगा, जराही उतरलेलं नाही."

थर्मामीटरला त्यांनी हात लावला नाही.